१९७४ सालचा एक न भरलेला अर्ज आणि ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’

रीळकरी (धागाकर्ता)

डिसेंबर लागला की या सिनेमाची चर्चा निघते आणि कारणही ठरलेलंच सांगितलं जातं. कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, म्हणून सिनेमा फुकट झाला. फुकट झाला म्हणून टीव्हीवर सारखा लागला, आणि सारखा लागला म्हणून लोकांना आवडायला लागला. यात खोटं काही नाही, पण एवढ्याने भागत नाही असं माझं म्हणणं आहे. म्हणून हा धागा.

आधी पार्श्वभूमी. दिग्दर्शक फ्रँक काप्राने १९४५ मध्ये विल्यम वायलर, जॉर्ज स्टीव्हन्स आणि सॅम्युअल ब्रिस्किन यांच्यासोबत ‘लिबर्टी फिल्म्स’ ही स्वतंत्र कंपनी काढली. तिचा हा पहिला सिनेमा. गोष्ट थोडक्यात अशी: छोट्या गावात घरकर्ज देणारी संस्था चालवणारा जॉर्ज (जेम्स स्टुअर्ट) संस्थेचे पैसे हरवल्यावर नाताळच्या आदल्या रात्री पुलावर जीव द्यायला जातो, आणि एक देवदूत त्याला तो जन्मलाच नसता तर गाव कसं झालं असतं ते दाखवतो. ते बदललेलं गाव म्हणजे पॉटर्सव्हिल, गावातल्या धनाढ्य पॉटरच्या नावाचं. खर्च साधारण ३१.८ लाख डॉलर, वितरण आरकेओ या स्टुडिओचं. खरं तर तो नाताळात यायचाच नव्हता, जानेवारी १९४७ ठरला होता. नाताळासाठी आरकेओने ‘सिंदबाद द सेलर’ राखून ठेवला होता, पण त्याच्या टेक्निकलर प्रिंट वेळेत तयार होईनात. त्या जागी हा पुढे ओढला आणि २० डिसेंबर १९४६ ला न्यूयॉर्कच्या ग्लोब थिएटरात लागला. त्यामुळे तो त्याच वर्षीच्या ऑस्करला पात्र ठरला आणि थेट वायलरच्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’समोर उभा राहिला. पाच नामांकनं मिळाली, पुरस्कार त्यातला एकही नाही. आरकेओच्या हिशेबात सव्वापाच लाख डॉलरचा तोटा दिसतो. १९४७ मध्ये लिबर्टी पॅरामाउंटला विकली गेली. पुढे सिनेमाचे हक्क आणि निगेटिव्ह फिरत फिरत नॅशनल टेलिफिल्म असोसिएट्स म्हणजे एनटीएकडे आले, आणि १९७४ मध्ये नूतनीकरणाचा अर्ज भरायचा राहिला.

आता माझा प्रश्न. काप्राचाच ‘मीट जॉन डो’ (१९४१) घ्या. त्याचंही नूतनीकरण झालं नाही. त्याचाही शेवट नाताळच्या आदल्या रात्री, आणि तिथेही एक माणूस जीव द्यायला निघालेला आहे. त्यातही सामान्य माणसं विरुद्ध पैसेवाला. नायक गॅरी कूपर, म्हणजे काही लहान नाव नाही. तोही फुकट होता. मग तो का नाही घराघरात पोचला?

---

कलमबहाद्दर

मूळ प्रश्नाचं बाकीचे बघतील. आधी ‘अर्ज राहिला’ म्हणजे काय ते नीट मांडतो, कारण यावर इंटरनेटवर फार गोंधळ आहे.

१९०९ च्या अमेरिकन कायद्यात कॉपीराइट दोन टप्प्यांत मिळायचा. पहिला प्रकाशनापासून २८ वर्षांचा. दुसरा आणखी २८ वर्षांचा, पण तो मागावा लागायचा. अर्ज अठ्ठाविसाव्या वर्षातच, म्हणजे त्या वर्षभराच्या खिडकीत, कॉपीराइट कार्यालयात पोचला पाहिजे. उशिरा दंड भरून चालत नसे, विलंब माफीची सोय नव्हती. १९४६ अधिक २८, म्हणजे १९७४. खिडकी बंद झाली की काम सार्वजनिक मालकीचं. नूतनीकरण आपोआप व्हायला लागलं ते १९९२ च्या दुरुस्तीने, आणि तेही १९६४ ते १९७७ या काळातल्या कामांपुरतं.

कंपन्या एकमेकींत विलीन होत, कॅटलॉग घाऊक भावात विकले जात, तारखांच्या वह्या मागे राहत. त्यामुळे अशी निसटलेली कामं शेकड्यांनी आहेत. ‘शराड’ची (१९६३) तऱ्हा आणखी वेगळी, तिथे तर पडद्यावर कॉपीराइटची सूचनाच नियमात बसेल अशी छापली गेली नाही आणि सिनेमा पहिल्या दिवसापासून उघडा पडला.

---

अनुस्वार

म्हणजे आता हा सिनेमा कोणीही कुठेही लावू शकतो? मग अमेरिकेत तो एकाच वाहिनीवर का दिसतो?

---

कलमबहाद्दर

@अनुस्वार, नाही लावू शकत, आणि यातली गंमत अशी की त्याला कारण खुद्द जेम्स स्टुअर्ट आहे.

सिनेमा हे एक काम, आणि तो ज्या कथेवर बेतला ती कथा हे दुसरं. हा सिनेमा फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न यांच्या ‘द ग्रेटेस्ट गिफ्ट’ या छोट्या कथेवर आहे. प्रकाशक मिळेना म्हणून त्यांनी १९४३ च्या नाताळात तिच्या २०० प्रती छापून शुभेच्छापत्र म्हणून वाटल्या. त्यातली एक फिरत आरकेओपर्यंत गेली आणि स्टुडिओने हक्क १०,००० डॉलरला घेतले. या कथेचं नूतनीकरण मात्र वेळेवर झालं होतं.

१९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘स्टुअर्ट विरुद्ध अबेंड’ हा निकाल दिला. तो ‘रिअर विंडो’ या सिनेमाबद्दलचा. मूळ कथेचा नूतनीकृत हक्क ज्याच्याकडे आहे त्याच्या परवानगीशिवाय त्या कथेवरचा सिनेमा पुढे वापरता येणार नाही, असा त्याचा गाभा. प्रकरणाच्या नावातला स्टुअर्ट म्हणजे ‘रिअर विंडो’च्या मालकीत वाटा असलेला जेम्स स्टुअर्टच. तो दावा हरला, आणि त्या हरण्याच्या जोरावर त्याचाच दुसरा सिनेमा पुन्हा कुलपात गेला! १९९३ मध्ये रिपब्लिक पिक्चर्सने (एनटीएनेच पुढे घेतलेलं नाव) कथेचे हक्क हातात असल्याचं दाखवलं, दिमित्री टिओमकिनच्या संगीताचेही हक्क पक्के केले आणि वाहिन्यांना नोटिसा पाठवल्या. १९९४ पासून प्रसारण एनबीसीकडे. आता सगळं पॅरामाउंटच्या ताब्यात आहे.

म्हणजे चित्रचौकटींवरचा गेलेला हक्क परत आलेला नाही. हक्क आहे तो खालच्या कथेवर आणि सुरांवर. पण कथा काढून सिनेमा दाखवायचा कसा? अमेरिकेत एक संक्षिप्त आवृत्ती फिरते, साधारण २२ मिनिटांनी लहान. तिच्यात पॉटर्सव्हिलचा अख्खा भागच नाही. ‘मी जन्मलोच नसतो तर’ हा स्टर्नच्या कथेचा जीव नेमका तिथे आहे. तो कापला की नायक पुलावर रडतो आणि लगेच आनंदाने धावत सुटतो. चुकून ही आवृत्ती लावणाऱ्यांनी कपाळावर हात मारला तर नवल नाही.

आपल्याकडे हा प्रकार घडू शकत नाही, कारण १९५७ च्या भारतीय कायद्यात नूतनीकरणच नाही. सिनेमाला प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून सरळ ६० वर्षं, बस. १९५३ चा मराठी सिनेमा २०१३ अखेर मोकळा झाला. अर्ज कोणी केला, कोणी विसरलं, हा प्रश्न येत नाही. मात्र कथा, गीतं, संगीत यांची मुदत ती रचणाऱ्याच्या मृत्यूपासून मोजतात, ती वेगळी तपासावी लागते. सिनेमा सुटला म्हणजे गाणी सुटली असं धरून चालू नका.

---

गोदाकाठ

टीव्हीची बाजू थोडक्यात. सत्तरच्या दशकात अमेरिकेत मोठ्या वाहिन्यांच्या जाळ्यांबाहेरची स्वतंत्र स्थानिक केंद्रं आणि सार्वजनिक प्रसारण केंद्रं भरपूर होती, आणि पैसा कमी. डिसेंबरात मोठी जाळी खर्चिक विशेष कार्यक्रम लावत, त्यांच्यासमोर लावायला यांना काहीतरी हवंच असे. १३० मिनिटांचा, नामवंत नटांचा, नाताळात संपणारा सिनेमा रॉयल्टीशिवाय मिळतोय म्हटल्यावर एकाच गावात तीन केंद्रं तो एकाच आठवड्यात लावायची. जाहिराती बसवायला जो तो आपापल्या सोयीने कात्री चालवायचा. १९९३ पर्यंत हे चाललं, म्हणजे एक पिढी त्यावर वाढली.

पण रीळकरींचा मुद्दा उरतोच. केंद्रांना ‘जॉन डो’ही फुकट होता.

---

शिंपला

‘जॉन डो’चं अपयश शेवटात आहे. त्याला शेवट सापडलाच नव्हता. काप्राने एकापेक्षा जास्त शेवट चित्रित केले आणि सिनेमा लागल्यावरही बदलला. ते पडद्यावर जाणवतं. गच्चीवर सगळे गोळा होतात, भाषण होतं, आणि कूपर उडी का मारत नाही हे पटायच्या आत सिनेमा संपतो.

इथे उलट आहे. शेवटच्या दहा मिनिटांत जे हाती लागतं त्याची पेरणी पहिल्या दीड तासात झालेली असते, आणि तीही सुटी वाटावी अशी. जिन्याच्या कठड्याचा निखळणारा गोळा, जॉर्जची मुलगी झूझू हिच्या फुलाच्या पाकळ्या, डावा कान, धाकटा भाऊ बर्फाखालच्या पाण्यात पडतो तो प्रसंग, औषधांच्या दुकानातली विषाची कॅप्सूल. पॉटर्सव्हिलमध्ये यातली एकेक गोष्ट उलटी करून दाखवतात. कान ऐकू लागतो, खिशात पाकळ्या नाहीत, भावाची कबर दिसते. प्रेक्षकाला काहीही समजावून सांगावं लागत नाही, तो स्वतःच हिशेब मांडत बसतो. दुसऱ्यांदा पाहताना हा सिनेमा जास्त आवडतो तो याच पेरणीमुळे, आणि टीव्हीवर तर तो दहाव्यांदाच पाहिला जात होता. फुकट असण्याचा फायदा अशाच सिनेमाला होतो.

---

दुर्बीण

बर्फाबद्दल कोणी बोललं नाही अजून, म्हणून घुसतो.

त्या काळी पडणारा बर्फ म्हणजे बहुतेकदा पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स. दिसायला चांगले, पण पायाखाली कुरकुर इतकी की सेटवर घेतलेला आवाज निकामी व्हायचा आणि संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा भरावे लागायचे. काप्राला पुलावरचे आणि रस्त्यावरचे संवाद जागच्या जागी ध्वनिमुद्रित हवे होते. स्टुअर्टचा फुटलेला आवाज नंतर माइकसमोर तसाच कोण आणून देणार?

आरकेओच्या रसेल शिअरमन आणि त्यांच्या विभागाने फोमाइट घेतलं. आग विझवण्याच्या नळकांड्यात वापरतात तो फेस. त्यात साबण आणि पाणी मिसळलं. हे मिश्रण दाबाने पंपातून सोडायचं आणि समोर पंखायंत्र ठेवायचं. फेसाचे तुकडे होऊन ते तरंगत खाली येतात, कपड्यांवर, केसांवर, भुवयांवर चिकटतात आणि आवाज शून्य. असं ६,००० गॅलन मिश्रण लागलं. जमिनीवर साचलेला बर्फ वेगळा, तिथे जिप्सम, प्लॅस्टर आणि किसलेला खरा बर्फ. फेस जमिनीवर जास्त वेळ टिकत नाही, पाणी सुटतं आणि चिखल होतो, म्हणून पडणारा आणि पडलेला अशी सामानाची विभागणी करावीच लागते. या कामाला अकादमीने तांत्रिक पुरस्कार दिला. अकादमीकडून सिनेमाच्या वाट्याला आलेला तेवढाच.

गाव आरकेओच्या एन्सिनो इथल्या आवारात उभारलं होतं. चार एकर जागा, ७५ दुकानं आणि इमारती, तीनशे यार्डांचा मुख्य रस्ता, आणून लावलेली २० पूर्ण वाढलेली ओकची झाडं. चित्रीकरण १५ एप्रिल ते २७ जुलै १९४६. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यात सगळे लोकरी कोटात! पुलावरच्या प्रसंगात स्टुअर्टच्या चेहऱ्यावर घाम चमकतो तो अभिनयाचा भाग नाही. कथेला मात्र तो शोभला.

---

शिंपला

दुर्बीण, बर्फाचा कथेतला वापरही बघण्यासारखा आहे. जॉर्ज ‘मी जन्मलोच नसतो तर बरं’ म्हणतो आणि देवदूत ते मंजूर करतो, त्या क्षणी दारावर वारा आदळतो आणि बर्फ पडायचा थांबतो. पूर्ण पॉटर्सव्हिलमध्ये एक कण पडत नाही. पुलावर परत येऊन ‘मला पुन्हा जगायचंय’ म्हटलं की बर्फ सुरू. त्यानंतर मग ओठातलं रक्त, मग पाकळ्या. आपण कुठल्या जगात आहोत हे सांगायला एकही संवाद खर्च केलेला नाही. वाईट प्रिंटमध्ये नेमकं हेच दिसत नाही, त्याबद्दल रीळकरी लिहितीलच.

---

मळ्याची_वाट

मराठी प्रेक्षकाला यातला सगळ्यात ओळखीचा भाग म्हणजे बिल्डिंग अँड लोन. ही बँक नव्हे, आपल्या पतसंस्थेच्या जवळची गोष्ट आहे. सभासद दर महिन्याला थोडे पैसे भाग म्हणून भरतात आणि त्याच रकमेतून सभासदांनाच घरासाठी कर्ज जातं. अडचण इथेच. घेतलेले पैसे कधीही मागता येण्यासारखे, दिलेले पैसे पंधरा-वीस वर्षांसाठी विटांत अडकलेले.

धावपळीच्या प्रसंगात, म्हणजे सगळे सभासद एकदम पैसे काढायला येतात तिथे, काय होतं ते आकड्यांनिशी बघा. बँकेने संस्थेचं कर्ज एकाएकी परत मागितलं, असलेली रोकड त्यात गेली. दाराशी सभासद. टॉम नावाचा एक जण २४२ डॉलर मागतो आणि खातंच बंद करा म्हणतो. जॉर्ज त्याला ६० दिवसांची अट आठवण करून देतो. अशा संस्थांत सूचना देऊन पैसे काढायची अट खरोखरच असे. तिकडे पॉटर डॉलरमागे ५० सेंट देऊन भाग विकत घ्यायला बसलेला. लोकांनी ते घेतले असते तर निम्म्या किमतीत सगळ्या गावाची घरकर्जं त्याच्या खिशात गेली असती. जॉर्ज मधुचंद्राचे २,००० डॉलर बाहेर काढतो आणि प्रत्येकाला खात्यात किती आहेत असं न विचारता ‘आत्ता भागवायला किती लागतील’ असं विचारतो. मागणी खाली यायला लागते. एक बाई साडेसतरा डॉलर मागते तेव्हा तो तिचा मुकाच घेतो. सहा वाजता दोन डॉलर शिल्लक, संस्था उघडी.

तारण चोख असलेली संस्थाही रोकड संपली की कशी बुडते, हे यापेक्षा स्पष्ट कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. अमेरिकेत बँक ठेवींचा विमा १९३४ च्या सुरुवातीपासून लागू झाला आणि अशा बचत संस्थांसाठीची वेगळी विमा संस्थाही त्याच वर्षीची. सिनेमातली धावपळ त्याच्या आधीची आहे. आपल्याकडे ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना नाही. त्यामुळे आपल्या प्रेक्षकाला तो दाराचा प्रसंग जुना वाटत नाही.

---

अनुस्वार

पॉटरला शिक्षा होत नाही हे खटकतं. संस्थेचे हरवलेले ८,००० डॉलर त्याच्याकडेच राहतात.

---

शिंपला

खटकावंच. त्या काळच्या हेज संहितेनुसार (हॉलिवूडची नियमावली) गुन्ह्याला पडद्यावर शिक्षा अपेक्षित असे. इथे फक्त पॉटरला आणि त्याची खुर्ची ढकलणाऱ्या नोकराला माहीत आहे की जॉर्जच्या बिलीकाकाच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली रक्कम पॉटरच्या मांडीवर आली, आणि सिनेमा संपेपर्यंत ते बाकी कोणालाही कळत नाही. गाव पैसे उभे करतं, जॉर्जचा मित्र सॅम वेनराइट याची २५,००० पर्यंत देऊ अशी तार येते, पण चोरी चोरीच राहते. मला तर वाटतं हा सिनेमा गोडमिट्ट होण्यापासून वाचला तो यानेच. एफबीआयच्या लॉस एंजेलिस कार्यालयाने १९४७ च्या टिपणात याच पात्राकडे बोट दाखवून बँकवाल्यांना खलनायक ठरवणं ही कम्युनिस्ट युक्ती असल्याचं नोंदवलं होतं. गंमत म्हणजे काप्रा स्वतः पक्का रिपब्लिकन!

आणि जॉर्ज काही संत नाही. घरी येऊन पोरांवर ओरडतो, शिक्षिकेला फोनवर झापतो, टेबल उलथतो. १५,००० च्या विमा पॉलिसीवर ५०० डॉलर किंमत निघते, तेव्हा पॉटर त्याला तू मेलेलाच जास्त किमतीचा आहेस असं ऐकवतो. स्टुअर्ट नुकताच वीस बॉम्बफेकी मोहिमांवरून परतला होता, युद्धाआधीचा त्याचा लाजरेपणा इथे पार करपलेला दिसतो. १९४६ च्या प्रेक्षकाला नाताळात हे नको होतं. १९७६ च्या, शेजारी एक, नोकरी दुसरीकडे, कर्ज तिसरीकडे अशा प्रेक्षकाला हवं होतं. माझ्या लेखी ‘जॉन डो’च्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हे. तिथे नायक लोकांसमोर उभं केलेलं सोंग आहे, इथे घरातला माणूस आहे.

---

रीळकरी

शिंपला, पटलं. पेरणीचा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो, पण असो.

आता प्रिंटबद्दल, कारण बघायचा तर नीट बघा. फुकटच्या काळात ज्याच्याकडे १६ मिमी प्रत होती त्याने तिच्यावरून प्रत काढली, तिच्यावरून पुढची. प्रत्येक पिढीला करड्या छटा कमी होतात, पांढरं भडक आणि काळं गच्च होतं. पुलावरचा बर्फ मग पडताना दिसत नाही, एकसंध धुकं दिसतं, आणि तो कधी थांबला ते कळायला मार्ग नाही. आवाजाच्या पट्टीवर सतत घरघर. यूट्यूबवर आणि स्वस्त डीव्हीडीवर अजून बहुतेक हेच आहे.

ओळखायचं कसं? सुरुवातीला लिबर्टी फिल्म्सची घंटा दिसते का बघा, ती उडवून दुसरंच बोधचिन्ह असेल तर टीव्हीची प्रत. चौकट १.३७ ला १ हवी, म्हणजे आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्याच पाहिजेत. पडदा पूर्ण भरला असेल तर एक तर चेहरे फुगलेत किंवा डोकी कापलीत. लांबी १३० मिनिटं. १२५ च्या आसपास दिसली तर लगेच कापलेली समजू नका. युरोपीय पाल पद्धतीच्या डिस्कवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, म्हणून तेवढाच सिनेमा चार टक्के लवकर संपतो आणि आवाज किंचित पातळ होतो. ११० च्या खाली असेल तर मात्र वर कलमबहाद्दरांनी सांगितलेली पॉटर्सव्हिल नसलेली आवृत्ती.

रंगवलेली आवृत्ती टाळा. पहिली १९८६ ची, हॅल रोच स्टुडिओची. काप्रा आणि स्टुअर्ट दोघांनीही तिला जाहीर विरोध केला. रंगवण्यामागे हिशेब होता. मूळ कृष्णधवल चौकटी कोणाच्याच नव्हत्या, पण रंगवलेल्या आवृत्तीची स्वतंत्र नोंदणी होऊ शकते असं कॉपीराइट कार्यालयाने १९८७ मध्ये ठरवलं. म्हणजे बेवारस जमिनीवर कुंपण. सौंदर्याचं म्हणाल तर रात्रीच्या प्रसंगात सगळ्यांचे गाल एकाच गुलाबी रंगाचे.

घ्यायची तर पॅरामाउंटची २०१९ ची फोरके आवृत्ती. मूळ नायट्रेट निगेटिव्हचा मोठा भाग शाबूत होता. खराब झालेल्या जागी त्याच काळात काढलेल्या फाइन ग्रेन (बारीक कणांच्या) प्रती वापरल्या. फोनच्या प्रसंगात, दोघं एकाच रिसीव्हरला कान लावून उभे असतात तिथे, नायिका डोना रीडच्या केसांची कड आणि मागची भिंत वेगळी दिसते का बघा. तिथे फरक लगेच कळतो.

---

गोदाकाठ

गृहसंकुलात किंवा मंडळात दाखवायचा झाला तर? इंटरव्हल कुठे घ्यायचं?

---

रीळकरी

आधी सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी, घरगुती डिस्कवर ती मिळत नाही. पॅरामाउंटच्या भारतातल्या वितरकाकडे विचारा.

सिनेमात मध्यंतर नाही. साधारण तासाभराने, धावपळीनंतर गळक्या घरातला लग्नाच्या रात्रीचा प्रसंग संपतो, तिथे थांबवा. त्याच्या पुढे कुठेही तोडलंत तर ८,००० हरवल्यापासूनचा ताण तुटतो. टीव्ही किंवा प्रोजेक्टरमधलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर पडणारा बर्फ चिकट रेघोट्यांसारखा दिसतो. ‘डायनॅमिक’ किंवा ‘व्हिव्हिड’ मोडही नको, पांढरं जळतं. खोलीत पूर्ण अंधार हवा. शेवटचा अर्धा तास जवळजवळ सगळा रात्रीचा आहे. आणि इंग्रजी सबटायटल लावा, पॉटर झालेला बॅरिमोर पुटपुटतो.